दुसरा अंक राहिला

१४ जून, शनिवार

पहिला अंक झाला – आणि काय रंगला! गावप्रमुख आजी स्वतः पुढे खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुलींची लग्नं अठराच्या आत लावू नका, हे पाच वर्षं गावोगाव सांगून माझा घसा बसला. आज एका नाटकानं सगळं गाव जागेवर खिळवून ठेवलं.

कल्पना नाटक बसवणाऱ्या आमच्या ग्रेशमची. "एनिफाताई, बाहेरचे नट कशाला? आपल्याकडे लग्न मामाच लावतो, खरा मामा उभा राहिला की लोक कान देतात." म्हणून नवरीच्या कामाला झिओने. पंधरा वर्षांची, मी घेते त्या मुलींच्या वर्गातली सगळ्यात खणखणीत आवाजाची. तिच्या मामाच्या कामाला तिचा सख्खा मामा लायटन. नवरा झाला मक्याचा व्यापारी मातियास, त्याच्या बाजूनं त्याचा मामा सायलेस. सगळे आपणहून आले. लग्न पक्कं करताना देतात तशी दोन मामांनी कोंबडा-कोंबडी एकमेकांच्या हातात दिली, बायकांनी ललकाऱ्या मारल्या, अगदी खऱ्यासारखं. मग दोन्ही पक्षी शिजवून सगळ्यांनी न्सिमाबरोबर, मक्याच्या घट्ट उकडीबरोबर, हाणले. मला तंगडी आली. उद्या दुसरा अंक. झिओने उठते आणि 'नाही' म्हणते.

१५ जून, रविवार

म्हातारे जेरे पहाटे वारले. गावाला दुखवटा. आठवडाभर ढोल नाही, नाटक नाही.

१७ जून, मंगळवार

सायलेस आज लायटनच्या दारात – "मुलगी कधी पाठवताय?"

धावतच गेले. म्हटलं, अहो, ते नाटक होतं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, कोंबडा खोटा होता? मामा खोटे होते? तंगडी तर तुम्हीच खाल्लीत." लायटन जमिनीकडे बघत होता. वर बघेचना.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. यांना नाटकाची हौस नव्हती. दोघा मामांचं आधीच ठरलं होतं. कायद्याच्या धाकानं उघड लग्न लावता येईना, ते माझ्या मांडवात लावून घेतलं. सगळ्या गावादेखत! आणि मी टाळ्या वाजवत होते. मूर्ख, मूर्ख बाई.

१८ जून, बुधवार

प्रमुख आजींपुढे गुडघे टेकून बसले. म्हणाल्या, "मी डोळ्यांनी पाहिलंय, बाळ. दोन मामा, दोन पक्षी. आणखी काय असतं लग्नात? पोरगी पुढं 'नाही' म्हणणार होती म्हणतेस, पण माझ्या कानावर काही पडलेलं नाही." शनिवारी त्या निवाडा देणार, लग्न खरं की नाटक.

निवाड्यात मुलीनं तोंड उघडायचं नसतं. तिच्या वतीनं तिचा मामा बोलतो. म्हणजे हाच लायटन!

१९ जून, गुरुवार

राजधानीत, लिलोंग्वेला, संस्थेच्या ऑफिसात फोन केला. साहेबांचा आवाज एकदम खाली – "पोलिसांत जाऊ नका. उद्या पेपरात येईल, हक्क शिकवणाऱ्यांनीच बालविवाह लावला. महिनाअखेरीला देणगीदार येतायत. गावातलं गावात मिटवा."

दुपारी झिओनेची आई, नाफिरी, आली. माझे हात धरून बसली. "एकुलता भाऊ आहे माझा. तो आत गेला तर आम्हा बायकांना कोण वाली?"

गेले नाही मी पोलिसांत. चौकी लांब आहे, असं स्वतःला सांगितलं. सायकलवाला दोन तासांत पोहोचवतो, हे मला माहीत आहे.

२० जून, शुक्रवार

शाळा सुटल्यावर झिओने आली. भाजलेले शेंगदाणे पुढे केले, तिनं हात लावला नाही.

"बाई, उद्या आजी 'हो' म्हणाल्या तर?"

नाही म्हणणार, मी म्हटलं.

"पण म्हणाल्या तर?"

धीर धर, म्हटलं. दुसरं काय सांगणार? तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "वर्गात तुम्ही म्हणता अठरा म्हणजे अठरा. की कुणाला राग येणार नसेल तेव्हाच अठरा?"

माझा पारा चढला. मोठ्यांशी असं बोलतात का, असं विचारलं मी तिला. मी! नेमकं हेच वाक्य या गावांतून घालवायचा मला पगार मिळतो. ती उठली, रीतीप्रमाणे गुडघा टेकून निरोप घेतला आणि गेली. हाक मारायला हवी होती. लाज वाटली म्हणून मारली नाही.

२१ जून, शनिवार

निवाड्याला गाव जमलं आणि झिओनेचा पत्ता नाही. काल माझ्याकडून निघाली ती घरी पोहोचलीच नव्हती. आई समजत होती, माझ्याकडे राहिली.

लायटन सर्वांसमोर ओरडला, "बाईंनीच लपवलीय!" मला वाटलं, यांनीच पळवली. पण मातियासचं तोंड पांढरंफटक पडलेलं. त्याच्याकडे नाही, हे दिसत होतं. निवाडा राहिला बाजूला. विहीर पाहिली, मक्याच्या कणग्या पाहिल्या, नदी पाहिली. काठावर एक चप्पल सापडली, ती मी उलटीपालटी करून पाहिली. तिची नव्हती. नाफिरी मला वळसा घालून पुढे गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिनं जिवाचं काही बरंवाईट केलं असेल तर – नाही. लिहवत नाही.

२२ जून, रविवार

सकाळी पोलीसबाई दारात. झिओने सुखरूप आहे! शुक्रवारी तडक चालत निघाली, वाटेत मिशनच्या नर्सबाईंकडे थांबली, काल चौकीवर जाऊन तक्रार दिली. स्वतःच्या तोंडानं, कुणा मामाला न विचारता. अठराच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं म्हणून चौघांची नावं दिली आहेत. लायटन. सायलेस. मातियास.

चौथं माझं.