उरियाची बायको

लातूर, डिसेंबरातला दुसरा रविवार, संध्याकाळ

आज पप्पांच्या कबरीवर दगड बसवला. त्यांच्या नावाखाली धाकट्या भावाचं, शमुवेलचं नाव आणि त्याच्या पोरांची नावं. माझं नाही. अंथरुणाला खिळलेल्या पप्पांचं सगळं मी केलं. हा हैदराबादेहून सणापुरता यायचा. विचारलं तर म्हणतो, "ताई, वंश मुलाकडूनच चालतो. बायबलातबी तसंच हाय."

संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ वाचायची पाळी नेमकी माझी. एरवी कंटाळाच यायचा त्या नावांचा. आज बापलेकांच्या नावांत तामार, राहाब, रूथ भेटल्या आणि जीव जरा निवला. देवानं बायकांनाही जागा ठेवली म्हणायची. मग आली उरियाची बायको. शलमोन राजाची आई ती, आणि तिला नुसतं उरियाची बायको? देवा, हे तुझं, की लिहिणाऱ्याचं?

मी थांबले. मोठ्यानं तिचं नाव म्हटलं, "बथशेबा."

शमुवेलनं मान वर केली. "ताई, तसं लिहिलेलं न्हाई तिथं."

"हाव, न्हाई लिहिलेलं," मी म्हणाले आणि शेवटपर्यंत वाचलं.

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी आमेन न म्हणताच बायबल मिटलं.