इमानात बसून

६ जानेवारी, अकोला
...आज वर्ष झालं. त्या दिवशी तूर गच्चीवर पसरली, कुकर लावला, त्यांचा स्वेटर पिळत होते तेव्हा फोन आला. हात ओले, खांद्यानं धरला. हे मेळघाटातल्या कड्यावरून बोलत होते. "आयुष्यभर एसटीत लोकं बसवले, आज मले कोनी बसवून राह्यलं. इमानात बसून राह्यलो, ठेव." मागं कोणी हसलं.
तासाभरानं दुसरा फोन. पॅराग्लायडर कड्यावर आदळलं. चालवणारा वाचला.
स्वेटर अर्धा पिळलेला. तसाच वाळला. अजून तसाच कडक आहे.

८ जाने.
वकीलसाहेब म्हणतात, जबाबातला एक शब्द दोन्ही खटल्यांत लागेल, उडवणाऱ्यावरच्या आणि विम्याच्या. विमान म्हटलं तर विनापरवाना उडवलं म्हणून तो माणूस सापडतो, पण खासगी विमान आमच्या विम्यात बसत नाही. छत्री म्हटली तर विमा मिळतो, तो सुटतो.
विचारलं, कायदा काय म्हणतो?
"त्याचाच तर वाद आहे, ताई."

९ जाने.
सुधाकरभाऊजी येऊन गेले. "छत्रीच म्हना, वयनी. कापड अन् दोऱ्या. पंखा नाई, इंजन नाई. त्याले इमान कोन म्हनन?" चहा घेताना गळक्या छताकडं पाहत होते. "दादा असता तर हेच म्हनला असता."
ते असते तर जबाब कशाला.

११ जाने.
तिवस्याहून वर्षाचा फोन. तो पॅराग्लायडरवाला दिवाळीपासून पुन्हा लोकांना उडवतो. तिच्या जावेची पोरं बसून आली.
"आई, विमान म्हन. विमा गेला तर माह्याजवळ राह्य."
जावयाच्या घरी. फोन ठेवला.

१४ जाने.
संक्रांत. शेजारी हळदीकुंकू, म्हणून दार लोटून बसले. वाचनालयातून शब्दकोश आणलाय. विमान: आकाशातून जाणारं वाहन. मग इमान काढलं. सचोटी, निष्ठा. आमच्याकडं विमानालाच इमान म्हणतात, हे त्यात नाही.

१९ जाने.
काल अमरावतीला जबाब झाला. विचारलं, मिस्टर कशात बसले होते?
म्हटलं, इमानात.
"म्हणजे विमानात?"
"ते इमान म्हणाले. मी पाहिलं नाही. ते म्हणाले तेच सांगते."
"बाई, एक काहीतरी सांगा."
तेच सांगितलं. टाईप करणारा थांबला. साहेब म्हणाले, बोलल्या तसंच घ्या, अर्थ पुढच्या तारखेला बघू. बसमध्ये वकीलसाहेब दूरच्या सीटवर जाऊन बसले. भाऊजींचा फोन वाजत होता, वर्षाचाही. घेतला नाही.
आज सकाळी स्वेटर भिजवला, पूर्ण पिळला, दोरीवर टाकला.