उतरणीची पंचवीस मिनिटे

मी, विश्वेश ढुंढिराज साप्रे, वय तेवीस, राहणार दुर्गाघाट, वाराणसी, आज रविवारी स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचेही दडपण नाही आणि सकाळपासून दोन कप चहाखेरीज मी काही घेतलेले नाही. डोके ठिकाणावर असण्याबद्दल वडिलांचे मत वेगळे आहे. ते नोंदवावे असा त्यांचा आग्रह होता, म्हणून नोंदवले.

बुधवारी माझ्या मानेवरची गाठ काढणार आहेत. गाठ साधी आहे. गेल्या सोमवारी रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "कुछ नहीं है बेटा, निकाल देंगे." मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो, आणि मग समोरच्या गाड्यावर चार कचोऱ्या खाल्ल्या. तेव्हा मरायचा माझा विचार नाही. पण आधीचे एक मृत्युपत्र रद्द करणे फार जरुरीचे आहे, आणि ते दुसरे लिहून रद्द करणेच पक्के, असे आमचे शेजारी देवदत्तकाका वकील सांगतात.

१. रिपोर्टची वाट पाहत असताना, २४ ऑक्टोबरला, मी रागात आणि प्रेमात जे मृत्युपत्र लिहिले ते या लेखाने रद्द. त्यात आईवडिलांचे नाव नव्हते. माझे सगळे कुमारी मधुवंती हिला दिले होते. वर त्याचा फोटो काढून मी तिलाच पाठवला. तिचे उत्तर आले, "मला तुझा लॅपटॉप नको. आधी रिपोर्ट घेऊन ये." त्या उत्तरावर मी दोन दिवस जेवलो नाही. आता वाटते, त्या महिन्यात माझ्याशी शहाणपणाने बोललेली ती एकटीच.

२. घर माझे नाही, वडिलांचे आहे. त्याबद्दल मला बोलण्याचा अधिकार नाही. बँकेत जे असेल ते आईचे, सौ. कालिंदी हिचे. मात्र त्यातून आधी डावा स्पीकर दुरुस्त करावा. त्याची वायर माकडांनी कुरतडली आहे.

३. प्राध्यापक नीलकंठ सरांनी दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत माझे इअरफोन काढून घेतले, मी टेबलावर हात आपटून बाहेर पडलो आणि पुन्हा कॉलेजात गेलो नाही. ते इअरफोन सरांनी ठेवावेत. तसाही त्या इअरफोनचा एक कान बंदच होता. चूक माझी होती, हे मी इथे लिहितो. तोंडाने सांगायला मात्र कोणी लावू नये.

४. आता मुख्य मिळकत. संकठा घाटाजवळच्या धर्मशाळेत, वरच्या हॉलमध्ये, दर रविवारी सकाळी साडेसहाला शरदिनीमावशी मोकळ्या नाचाची बैठक घेतात. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, कोणाच्याच सख्ख्या मावशी नाहीत. तिथे पायऱ्या शिकवत नाहीत, बोलायचे नाही, ज्याने त्याने अंग हलेल तसे हलायचे. मावशी त्याला साधना म्हणतात, वडील उड्या म्हणतात. दोन तासांचे संगीत निवडून, एकाला एक जोडून वाजवण्याचे काम तीन वर्षे माझ्याकडे आहे. त्यासाठीचा लॅपटॉप, दोन्ही स्पीकर, आणि मी घाटांवर फिरून जमवलेले आवाज (पायरीवर आपटणारी नाव, पखवाजाला कणीक लावतानाची थाप, पहाटेची झाडलोट) हे सर्व माझी चुलतबहीण बकुळ हिला द्यावे. ती माझ्यापेक्षा शांत आहे. वाईट एवढेच, की ते तिला ठाऊक आहे.

५. बकुळला हे काम देताना माझा गुन्हाही सांगणे भाग आहे, नाहीतर तीही तोच करील.

संगीत तंबोऱ्याने सुरू करायचे, चालण्याच्या गतीवर आणायचे, मग हळूहळू ढोल. ढोल टिपेला पोचला की मधुवंती डोळे उघडून हसायची. माझ्या टेबलाकडे बघून हसते, असे मी धरून चाललो. (ती माझ्यामागच्या खिडकीकडे बघायची. हे मला गेल्या आठवड्यात तिनेच सांगितले.) ते हसू घेऊन ती घरी जावी म्हणून मी दर रविवारी टीप थोडी थोडी पुढे ढकलली. शेवटचा संथ भाग आधी अर्धा केला, मग काढूनच टाकला. हॉलमध्ये तीसेक माणसे नाचत होती, मी एकीसाठी वाजवत होतो.

६ ऑक्टोबरला ढोल ऐन भरात असताना मी बटण बंद केले आणि सगळे तसेच जिन्याकडे निघाले. मावशी तिसऱ्या पायरीवर पडल्या. उजवे मनगट मोडले. मी धर्मशाळेच्या रखवालदाराच्या अंगावर धावलो: "ये सीढ़ी है कि मौत का कुआँ?" तो म्हणाला, "भैया, सीढ़ी तो सौ साल से यहीं है." बैठक पाच रविवार बंद राहिली. कायमची बंद पडणार असे सगळे धरून चालले होते. जिन्याचा दोष नव्हता. रखवालदाराला माझी निळी सायकल द्यावी.

६. वडिलांना, श्री. ढुंढिराज यांना, माझ्याकडून वस्तू अशी काही नाही. त्यांचे मात्र मी घेतले आहे, ते लिहून ठेवतो.

गाठीच्या दिवसांत मी घरात भांडी आपटत होतो, म्हणून ते मला यजमानांच्या पूजेला सामान उचलायला घेऊन गेले. पूजा संपली. त्यांनी अक्षता वाहिल्या आणि चौरंगावरची गणपतीची सुपारी बोटाने जराशी हलवली. लहानपणापासून शंभरदा पाहिलेले. परत येताना गल्लीत म्हणाले,

"सुपारी का हलवली?"

"विसर्जन."

"हं. बोलावलेल्याला वाटेला लावावं लागतं. तू काय करतोस? माणसांना बोलावतोस, चढवतोस आणि तसंच जिन्यावर सोडतोस. म्हातारी पडणार नाही तर काय होईल?"

मी नेहमीसारखा उसळलो. "तुम्ही कधी आलात तिथे? उड्या म्हणता ना!"

"खाली चहाच्या टपरीवर बसतो दर रविवारी. ऐकू येतं तिथं." थोडे चालून म्हणाले, "सुरुवात चांगली करतोस."

तीन वर्षांत हे मला माहीत नव्हते. मग मी विचारले, "बाबा, उतरवायला किती वेळ लागतो?"

"चढवायला लागतो त्याहून कमी. पण मोजून नाही, चेहरे बघून."

७. म्हणून बकुळला सक्त सूचना: टीप कधीही शेवटी ठेवू नये. उतरणीला किमान पंचवीस मिनिटे द्यावीत. ढोल एकदम तोडू नये. आधी त्याचा बायाँ, म्हणजे डाव्या अंगाचा घुमारा, कमी करावा, मग ठेका, मग नुसता श्वासाएवढा तंबोरा. मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'मध्ये कोणी खोकले तरी घाबरून पुढचे गाणे लावू नये. आणि कोणाच्याही प्रेमात असशील तर त्या रविवारी टेबल भिंतीकडे तोंड करून लाव.

८. 'मधु' नावाच्या फोल्डरमधली एकेचाळीस गाणी कोणालाही देऊ नयेत. ती मी काल पुसली. पुसायला चार सेकंद लागले, मला वाटले होते रात्र जाईल.

९. बुधवारी काही उलटे झालेच तर मणिकर्णिकेला न्यावे. घरापासून जवळ आहे, वडिलांचे गुडघे दुखतात. माझ्यासाठी कोणी गाणे निवडू नये. तिथला आवाज तिथे पुरेसा आहे.

१०. आज बैठक पुन्हा भरली. मावशी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खुर्चीवर बसल्या होत्या. मी ठरल्याप्रमाणे उतरवत आणले. पहिल्यांदाच सगळा हॉल पाहिला. एक गृहस्थ तीन वर्षे फक्त डावा हात हलवत नाचतात, हे मला आज कळले. मधुवंती खिडकीशी बसून गंगा बघत होती. हसली नाही. मला काही झाले नाही. पुन्हा तपासले, तरी काही झाले नाही. सगळे एकेक पायरी बघत जिना उतरले, आणि मावशी खालून ओरडल्या, "विश्वेश, उतरले रे मी!"

शुक्रवारी मधुवंती नोकरीसाठी नागपूरला जाते आहे.

११. सहीपूर्वी घडले ते. बैठकीनंतर सहीसाठी हॉलमध्ये आलेल्या देवदत्तकाकांनी सांगितले की साक्षीदार दोन हवेत, आणि साक्षीदाराला या लेखातून काही मिळायला नको. एक ते स्वतः झाले. दुसऱ्याची अडचण पडली; आईला मिळते, बकुळला मिळते, वडील म्हणाले, "मी या भानगडीत नाही." हॉलमध्ये चपला शोधत मधुवंती राहिली होती. तिने सगळे कागद उभ्यानेच वाचले. आठव्या कलमाशी थांबली.

"एकेचाळीस?"

"हो."

"बाप रे. आणि माझ्या नावावर आता खरंच काही नाही?"

"काही नाही."

"पक्का?"

"काकांना विचार."

काका म्हणाले, "एक सुई पण नाही."

तिने मोठा श्वास सोडला. मीही सोडला, हे काकांनी पाहिले आहे. "चल, पेन दे," ती म्हणाली.

वरील सर्व वाचून, समजून, आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहिणार: विश्वेश ढुंढिराज साप्रे (सही)

साक्षीदार १: देवदत्त वासुदेव गोडसे, वकील, दुर्गाघाट (सही)

साक्षीदार २: मधुवंती अरविंद मोघे, रेल्वे कॉलनी (सही). हिला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

ठिकाण: धर्मशाळेचा वरचा हॉल, संकठा घाट, वाराणसी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४, सकाळचे सव्वानऊ