दोऱ्याचा कोळी

ता. ४, सोमवार
जानू बालमंदिरातून आली ती नाचतच. अडीच वर्षांची कार्टी, बोलणं म्हातारीचं. बाईंनी सांगितलं म्हणे, घरी कोळी बनवा, त्याचं गाणं शिकवा, शनिवारी सगळी पोरं म्हणतील. सूनबाई मोबाईल घेऊन बसली, "आई, कागदाची ताटली लागते याला." म्हटलं मनीषा, ताटली कशाला? कामाला घरी गठ्ठ्याने येतात त्या साड्यांचे लोंबते दोरे कापून कापून माझी बोटं झिजली. एवढी पिशवी भरलीय, कधी कामाला यायची?

ता. ५
कोळी झाला. काळ्या दोऱ्याचा गुंडा, आठ पाय, डोळ्यांना साडीच्या टिकल्या. जानू म्हणे नववा पाय पाहिजे. नववा कसाले व माय? मला मोठी म्हणते ती, तर म्हणे, "मोठी, त्याला खाजवायला!" हसून पोट दुखलं. लेक भूषण लूमच्या पाळीवरून आला, तोही हसला. पोरगं किती दिवसांनी हसलं. नववा पाय लावला, लांबच लावला.

ता. ६
मोबाईलमधलं गाणं इथलं, गुजराती, घाई घाईचं. माझ्या जिभेला येईना. मग मीच जोडलं. चौथी शिकलेली बाई, पण जमलं बरं का.
कोळीबुवा भिंतीवर,
चढत चढत खांबावर,
धप्पकन आले उशीवर,
अंग झाडलं, पुन्हा वर!
जानू बोट माझ्या हातावरून चढवते, धप्प म्हटलं की मांडीत पडते. वीस वेळा झालं. दाळ करपली.

ता. ७, गुरु.
कोळी बोटावरून सारखा घसरे, जानू रडे. मग नववा पाय तिच्या बोटाला बांधला. ह्यांनी शिकवलेली लूमची गाठ. हे म्हणायचे, मशीन ओढेल पण ही गाठ सुटणार नाही. हे गेले, गाठ माझ्या हातात राहिली. पोरगी दुपारभर भिंतीवर कोळी चढवत होती. संध्याकाळी कोळी ओट्यावर पडलेला. म्हटलं सुटला वाटतं.

ता. ८
जानू किरकिरी. अंगठ्याजवळचं बोट लाल, टचटचीत. मुंगी डसली असणार. हळद-तेल थापलं चांगलं जाड. मनीषा कामावरून आली, "दवाखान्यात दाखवू का?" म्हटलं, "मुंगीला कुठं डॉक्टर लागतो? मी चार पोरं वाढवली."

ता. ९, शनि.
सकाळी मनीषाने अंघोळ घालताना हळद धुतली. बोट निळं. टोक काळपट. बुडाशी मांसात काळी रेघ.
दोरा होता. माझा. कोळी तुटून पडला होता, गाठ सुटली नव्हती.
सरकारी दवाखान्यात दोघींनी धरलं तिला. डॉक्टरने भिंग लावून कापला. "गांठ किसने मारी?" मैने, म्हटलं. आणि वरून हळद. पट्टी बांधली, चार दिवस बघू म्हणाला. रक्त फिरलं तर ठीक, नाहीतर बोटाचं टोक काढावं लागेल. अडीच वर्षांच्या पोरीचं बोट केवढं असतं ते.
बालमंदिरात आज पोरांनी गाणं म्हटलं असेल.

ता. १०
भूषण म्हणाला, "जाऊ दे माय, तुनी चूक नही." मनीषाने दोऱ्यांची पिशवी उचलली, खाली टाकून आली. उद्यापासून जानू शेजारच्या हिराबेनकडे राहील, हे भूषणला सांगितलं. मी तिथंच बसले होते.

ता. ११
भिंतीपलीकडून जानूचा आवाज येतो. हिराबेन बोटाचं विचारते, "शुं थयुं बेटा?" ती काय सांगते ऐकू येत नाही.
गठ्ठा आला, तसाच पडलाय. कात्री धरवत नाही. बसल्या बसल्या पाहिलं तर पदराच्या दशीला गाठ. तीच. कधी मारली कळलंच नाही. सोडायला गेले, सुटेना.

ता. १२
उद्या पट्टी काढणार. मनीषाने रजा टाकलीय. मला "चला" म्हटलं नाही, "नको" पण म्हटलं नाही.
दिवेलागणीला जानू आली, मांडीत बसली. पट्टीचा हात अधर धरलेला. दुसऱ्या हाताचं बोट माझ्या कोपरापासून चढवायला लागली, आणि बघते माझ्या तोंडाकडे. मी तिची पट्टीच बघत राहिले.
स्वयंपाकघरातून मनीषा, "म्हणा ना आई. थांबलीय ती."
म्हटलं. कोळीबुवा उशीवर पडेपर्यंत म्हटलं. पुढची ओळ काही निघेना.
जानूने पट्टीचं बोट उचललं. "मोठी, पुन्हा वर?"
म्हटलं, उद्या बघू, माय.