शेजारची खुर्ची

सोमवार, २६ ऑगस्ट

कॉलेजचा पहिला दिवस. शेवटच्या रांगेत बसायचं ठरलं होतं. बसले पहिल्या रांगेत — चष्मा घरी राहिला! माझी नात नेल्डा बिचारी मुकाट्याने माझ्या शेजारी येऊन बसली.

ही वही करिअरच्या बाईंनी दिली. रोज काय करायचं ते आदल्या दिवशी लिहा म्हणाल्या. मी काय झालं तेच लिहिणार. अडुसष्टाव्या वर्षी उद्याचं काय लिहायचं?

तीन विषय आहेत. सोमवारी आणि बुधवारी आठला शासन, साडेनऊला इतिहास, अकराला करिअर म्हणजे नोकरी कशी मागायची ते. मी शाळेच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं काढली, पण ती नोकरी मागायला कुठे गेले नव्हते. मुख्याध्यापकांनीच विचारलं होतं, तुला बीन्स शिजवता येतात का. संपली मुलाखत.

हजेरी घेतली. माझं नाव येताच मी एवढ्या जोरात 'हजर' म्हणाले की मागची पोरं हसली. नेल्डाचं नाव कधी आलं ते त्या गडबडीत ऐकूच आलं नाही.

शासनाचे सर म्हणजे रोबेर्तो कान्तू. मी त्याला, म्हणजे त्यांना, दुसरीपासून जेवण वाढलंय. हिरव्या शेंगा खिशात लपवायचे. मला बघून तांबडेलाल झाले. "दोन्या ओरालिया, इथे मी सर आहे हं," म्हणाले. दोन्या म्हणजे बाईसाहेब, तेवढा मान राखला. म्हटलं, शेंगा खातोस का आता, सर?

मंगळवार, २७ ऑगस्ट

काल मुख्य गोष्ट लिहायचीच राहिली.

मी कॉलेजात का जाते? नेल्डासाठी. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी टिकलं नाही. माझी अल्मा, नेल्डाची आई, गेली होती. सहाव्या आठवड्यात घरी आली, दप्तर दारामागे ठेवलं ते ठेवलंच. आता ह्यूस्टनला हॉटेलात खोल्या आवरते. चांगली आहे, पण दप्तराचा विषय काढला की फोन ठेवते.

नेल्डा माझ्याकडेच वाढली. मे महिन्यात बारावी झाली आणि म्हणाली, "आजी, मी एकटी नाही जाणार कॉलेजात. तू येत असशील तर जाते." मला वाटलं थट्टा. जूनमध्ये तेच, जुलैमध्येही तेच. मी चौथीत शाळा सोडून कांद्याच्या शेतात गेलेली बाई. चौसष्टाव्या वर्षी ती बारावीच्या बरोबरीची परीक्षा दिली, तीही तिसऱ्या खेपेला. पण पोर हट्टाला पेटली. मग काय करणार? निघाले राखणीला.

चोन म्हणाला, "गव्हर्नर झालीस की माझा ट्रक दुरुस्त करून दे." नवरा म्हणून चाळीस वर्षं हीच मदत.

सहा आठवडे. तेवढे काढले की पोर टिकली.

बुधवार, ४ सप्टेंबर

बसथांब्यावर बाकडं नाही. सावली पण नाही. वीस मिनिटं उभं राहून गुडघे बोलायला लागले.

नेल्डाला कॉलेज कसं पाठ आहे! शौचालय कुठे, थंड पाण्याचं यंत्र कोणतं बिघडलेलं, कुठला जिना लवकर पोचवतो. म्हणाली शाळेने सहलीला आणलं होतं. चांगली शाळा.

वह्या मात्र लिहीत नाही. मी एकेक शब्द उतरवते आणि ही माझ्या पेन्सिलींना टोक काढत बसते. बोलले तिला. "डोक्यात राहतं गं आजी," म्हणे. अल्मा असंच म्हणायची.

सोमवार, १६ सप्टेंबर

सत्तेचे तीन भाग — डोक्यात शिरत नव्हते. नेल्डाने स्वयंपाकघरात समजावलं. कायदा करणारी मी: आज बीन्स. अंमल करणारा चोन: भांडं चुलीवर ठेवायचं. निवाडा नेल्डाचा: काल पण बीन्सच होते, म्हणजे हे अन्यायाचं आहे.

चोन म्हणाला, मी अंमल करत नाही जा. नेल्डा म्हणाली, "बघ, याला नकाराधिकार म्हणतात. आता तू आणि मी मिळून तो उलटवू शकतो." उलटवला. बीन्सच खाल्ले.

हिला एवढं येतं तर वही का लिहीत नाही?

बुधवार, २५ सप्टेंबर

शासनाची पहिली परीक्षा. अठ्ठावन्न. नापास.

घरी येऊन कोंबड्यांना दाणे घातले, लिंबाखाली जरा बसले. चोन बाहेर आला. कोंबड्यांचं पाणी बदलून गेला.

सोडून द्यावं असं वाटलं. पण मी सोडलं की ती सोडणार! नेल्डाला विचारलं तुला किती. "माझं संगणकावर येतं. पास आहे." एवढंच.

उद्यापासून रोज एक तास आणखी.

बुधवार, २ ऑक्टोबर

सहावा आठवडा! आणि आजच नेल्डा बसमध्ये नाही. सकाळी लवकर काम आहे म्हणून निघून गेली होती. वर्गातही नाही. शेजारची खुर्ची रिकामी. सर काय बोलले देव जाणे, माझं लक्ष दाराकडे.

इतिहासाचा तास सोडला, पहिल्यांदाच. शोधत फिरले. दूरच्या नव्या इमारतीतून बाहेर येताना दिसली, अंगात पांढरा कोट. मला बघून जागच्या जागी थिजली.

"लायब्ररीत गारठा आहे गं. मैत्रिणीने दिला घालायला," म्हणाली.

गारठा खरा. बाहेर भट्टी आणि आत बर्फ अशी इथे सगळ्या इमारतींची तऱ्हा. पण खिशाला पेन, बारकी कात्री, काय काय. मैत्रीण बरीच व्यवस्थित दिसते.

म्हटलं, नेल्डा, सोडणार असलीस तर आधी मला सांग. दप्तर दारामागे ठेवू नकोस.

ती माझ्या गळ्यातच पडली. "तू सोडू नकोस, आजी. तू नाही सोडलंस तर मी पण नाही सोडणार." जीव भांड्यात पडला.

सोमवार, ७ ऑक्टोबर

सहा आठवडे झाले. दप्तर तिच्या पाठीवर आहे.

अल्माला फोन केला. सहा आठवडे झाल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "आई, तुझं दप्तर कोणत्या रंगाचं आहे?" म्हटलं जांभळं. फोन ठेवला नाही तिने.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आज मी शहराच्या सभेत भाषण केलं.

झालं असं. सरांनी काम दिलं होतं — नगरपालिकेच्या सभेला जाऊन बसा, गेल्याचा पुरावा आणा. नेल्डा बरोबर होती. ती गाडी लावायला जागा शोधत होती (ट्रक चालू झालाय), मी पुढे गेले. दारात टेबल, टेबलावर बाई, तिच्यापुढे कार्डं. मी म्हटलं हीच हजेरी. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. खाली लिहिलं होतं 'विषय'. मी लिहिलं, 'कान्तू सरांचा गृहपाठ'.

नेल्डा आली, कार्ड बघितलं आणि डोक्याला हात लावला. "आजी, हे कार्ड ज्यांना बोलायचंय त्यांचं." म्हटलं परत घेऊ या. तोवर ते वर पोचलं होतं.

महापौरबाईंनी वाचलं: "ओरालिया सालदिवार. विषय, कान्तू सरांचा गृहपाठ." अख्खी सभा हसली. मी उठून पळणार, पण नेल्डाने हात धरला. भराभरा कानात सांगायला लागली, तीन मिनिटं मिळतात, पिवळा दिवा लागला की आवरायचं, ते उत्तर देणार नाहीत, तसा नियमच आहे, घाबरू नकोस. "काय बोलू?" — "गुडघ्यांबद्दल बोल."

मग बोलले. म्हटलं, मी कॉलेजात जाते. दुसऱ्यांदा सुरुवात केलीये, मध्ये थोडा वेळ गेला, अठ्ठावन्न वर्षं. कॉलेज मला बसायला खुर्ची देतं पण बसथांबा बसायला काहीच देत नाही. आमच्या थांब्यावर सकाळी नऊ माणसं उभी असतात. त्यात एक पोटुशी पोरगी आहे, रात्रपाळी करून आलेला एक रखवालदार आहे, आणि मी. आम्हाला फार नको. एक बाकडं.

पिवळा दिवा लागला. म्हटलं, दिवा लागला, बसते.

उत्तर कुणी दिलं नाही. नियमच तो. पण एकजण लिहून घेत होता.

येताना नेल्डाला विचारलं, तुला हे दिव्याबिव्याचं कसं माहीत? "पुस्तकात आहे." मी पुस्तक तीनदा वाचलंय. मला नाही सापडलं.

बुधवार, ३० ऑक्टोबर

दुसरी परीक्षा — चौऱ्याहत्तर!

इतिहासाच्या व्हिटली बाई चांगल्या आहेत, फार भरभर बोलतात. आज धडा होता आमच्यासारख्यांच्या शाळांचा. मेक्सिकन पोरांच्या वेगळ्या शाळा, स्पॅनिश बोललं की छडी. पुस्तकात अर्धं पान. बाईंनी वाचलं आणि पान उलटायला निघाल्या.

माझा हात वर गेला. मी काही तो मुद्दाम केला नाही.

म्हटलं, मी त्या शाळेत होते. बाई थांबल्या. मी सांगितलं, पहिलीत मला इंग्रजीत 'बाहेर जाऊ का' विचारता यायचं नाही. स्पॅनिशमध्ये विचारलं तर छडी. म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही. सप्टेंबरच्या उन्हातसुद्धा. घरी पोचले की रांजणाला तोंड लावायचे.

कुणी हललं नाही. मागच्या रांगेतली ती हसणारी पोरंही नाही. नेल्डाने बाकाखाली माझा हात धरला. तिला हे कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. का सांगायचं, पोरांना शाळेत जायचं होतं ना.

बाईंनी विचारलं, हे लिहून द्याल का? वर्गाला वाचायला देईन. म्हटलं, अर्धं पान पुरेल ना? "हवं तेवढं लिहा," म्हणाल्या.

घरी आल्यावर नेल्डाने पाण्याचा मोठा ग्लास माझ्यासमोर ठेवला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

करिअरच्या तासाला खोटीखोटी मुलाखत. बाहेरून खरी साहेब माणसं आली होती, टाय लावून.

पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? — देवाने ठेवलं तर इथेच.
तुमची दुबळी बाजू? — गुडघे.
कधी कठीण परिस्थिती हाताळलीत का? म्हटलं, एकदा चारशे मुलं, बंद पडलेला ओव्हन आणि गोठलेल्या कोंबड्या. मग सगळंच सांगितलं. साहेबांनी घड्याळ काढून ठेवलं. शेवटी म्हणाले, तुम्हाला नोकरी हवी आहे का खरंच? म्हटलं, नको हो. मला अजून इतिहासाचं अर्धं पान लिहायचंय.

अर्धं नाही. अकरा पानं झालीत.

सोमवार, २५ नोव्हेंबर

बाकडं आलं!! हिरवं. लोखंडी. तोंड नेमकं उगवत्या सूर्याकडे, डोळे उघडता येत नाहीत. रखवालदार म्हणाला, आज्जीबाई, पुढच्या सभेत सांगा फिरवून बसवायला. पोटुशी पोरगी पाय पसरून बसली होती. बाकीचे उभे.

सोमवार, ९ डिसेंबर

शेवटच्या परीक्षा झाल्या. चोनने दोन दिवस स्वतःहून बीन्स शिजवले. करपले. नकाराधिकार वापरला नाही कुणी.

बुधवार, ११ डिसेंबर

पास. तिन्ही विषयांत पास. इतिहासात तर अव्वल! नेल्डाने संगणकावर दाखवलं, मग चोनने चष्मा पुसून पुन्हा बघितलं, मग अल्माला फोन. ती रडली, मग मी रडले, मग चोन बाहेर जाऊन ट्रकचं बॉनेट उघडून उभा राहिला.

तुझं दाखव म्हटलं नेल्डाला. "माझंही सगळं छान आहे," म्हणाली आणि पडदाच मिटला तिने.

उद्या मक्याच्या पानात उकडलेले तमाले करते. दोन डझन सरांना देते. दोघींना सांभाळून घेतलं त्यांनी.

गुरुवार, १२ डिसेंबर

डबा घेऊन एकटीच गेले. म्हटलं, सर, आम्हा दोघींना पास केलंत, उपकार झाले.

"दोघींना?" ते म्हणाले. "दोन्या, नेल्डा माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीच पास झाली. शाळेच्या बसने यायची. शाळेत अकरावीला असतानाच तिने कॉलेजचे हे तिन्ही विषय संपवले." दर मंगळवारी शाळेतून निघायची ती बस मला गायनाच्या तासाची वाटायची. "आता ती नर्सिंगला आहे, पलीकडच्या नव्या इमारतीत. वर्गातली पहिली. ऑगस्टमध्ये आली आणि म्हणाली, सर, मला फक्त माझ्या आजीच्या शेजारची खुर्ची द्या." मग त्यांनी जीभ चावली. "मी हे बोलायला नको होतं."

म्हटलं, मी काही ऐकलं नाही. शेंगा घातल्यात तमालेत, खा सगळ्या.

घरी आले तर नेल्डा जानेवारीचं वेळापत्रक घेऊन बसलेली. "आजी, पुढच्या वेळी काय घ्यायचं? मी एकटी नाही हं जाणार."

मी जांभळं दप्तर खुंटीवरून काढलं.

"येते बाई," म्हटलं. "तुला एकटीला नाही जमायचं."