कोहळा अजून फुटलेला नाही

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाबा,

कसा आहेस? मम्मीचा गुडघा काय म्हणतो? मी मजेत आहे. जेवण वेळेवर, झोप बऱ्यापैकी. इथे आत्ताच ऊन तापायला लागलंय. आमच्या गल्लीतलं एक झाड सगळं गुलाबी झालंय, त्याचं नाव मला माहीत नाही. आत्या पण बरी आहे. म्हणजे उठते, बसते, बोलते.

हाताने लिहितेय म्हणून हसू नकोस. शाळेत माझं मराठी थर्ड लँग्वेज होतं, ऱ्हस्व-दीर्घ तूच बघून घे. फोनवर सांगितलं असतं, पण आत्याचं नाव काढलं की तू "हां, मम्मीशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतोस. कागद असा देऊन टाकता येत नाही.

आधी छोटी बातमी. मी जॉब सोडलाय. मागच्या जूनमध्ये. आत्याच्या ऑफिसात काम करते, इंदिरानगरला. ओरडून घे, मग पुढे वाच.

ओरडलास? ओके.

बाबा, मला वाटायचं प्रोड्युसर म्हणजे खुर्चीत बसून चेक फाडणारा माणूस. आत्याला बघितल्यावर कळलं. हिरो रुसला, आत्या. जनरेटर बंद पडला, आत्या. गावातल्या लोकांनी शूटिंग अडवलं, तरी आत्याच. कोणावर आवाज चढवत नाही. नुसती समोर जाऊन उभी राहते आणि कन्नडमध्ये विचारते, "जेवलात का?" समोरच्याची निम्मी हवा तिथेच जाते. सगळं युनिट तिला अक्का म्हणतं, तिच्या वयाचे लोकसुद्धा. शेवटची पंगत उठल्याशिवाय ती स्वतः जेवत नाही, पहिल्या पिक्चरपासूनचा नियम. मी एकदा म्हटलं, "आत्या, तू मालकीण आहेस, आधी जेव की." तर म्हणाली, "मालकीण आहे म्हणून तर शेवटी, येडे."

हल्ली पंगत उठली तरी जेवत नाही. ताटात भात चिवडत बसते. असो.

आता मेन गोष्ट. इथे पिक्चरचं शूटिंग संपलं की कोहळा फोडतात. मोठा, पांढरा, वर कापूर लावून कॅमेऱ्याची दृष्ट काढायची आणि जमिनीवर आपटायचा. तो फुटला की शूटिंग संपलं. नाही फुटला तर संपलं असं कोणी म्हणतच नाही. आत्याच्या सगळ्या पिक्चरचा कोहळा आत्यानेच फोडलाय.

जानेवारीत आनेकलला आमचा शेवटचा दिवस होता. आत्या दिवसभर छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत होती, डोक्याला स्कार्फ. (स्कार्फचं नंतर सांगते.) शेवटचा शॉट ओके झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नागराज अण्णा, म्हणजे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, कोहळा घेऊन आले. कापूर पेटवला.

"अक्का, ओडीरी," म्हणजे फोडा.

आत्या उठलीच नाही. "स्वल्प तडी, नागराज. जरा थांब. घरचं माणूस येऊ दे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, मीच की! मी ओढणी खोचून हात पण पुढे केले. आत्या हसली आणि म्हणाली, "तू न्हाई गं. तू माझ्याकडची. मी घरचं म्हणतेय."

कापूर विझला. अण्णांनी कोहळा गाडीत ठेवला. तो कोहळा आता ऑफिसात आत्याच्या कपाटावर आहे.

मला तेव्हा काही कळलं नाही. मागच्या आठवड्यात कळलं, ते पण माझ्याच आगाऊपणामुळे. पिक्चरच्या टायटल्स बनवत होतो. आत्याच्या सगळ्या पिक्चरमध्ये "निर्मिती: वासंती" एवढंच असतं. मला वाटलं स्टाइल असेल. पण हे शेवटचं आहे म्हणून मी सरप्राइज द्यायचं ठरवलं आणि एडिटरला पूर्ण नाव टाकायला सांगितलं. वासंती विश्वासराव इंगवले. मोठ्या अक्षरांत, कन्नडमध्ये. काय दिसत होतं, बाबा!

आत्या स्क्रीनसमोर बसली. नाव आलं. तिने हात वर केला, एडिटरने थांबवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग पदराने चष्मा पुसला, परत बघितलं.

"काढ ते."

"का? स्पेलिंग चुकलं?"

"न्हाई. बरोबर हाय. पण मी दादाला शब्द दिलाय."

मी तिच्या मागेच लागले, तेव्हा सांगितलं. ती सिनेमासाठी घर सोडून बेंगळुरूला निघाली, तेव्हा निपाणीच्या स्टँडवर तू तिला सोडायला गेला होतास म्हणे. आजोबा घरात बोलतच नव्हते. बस सुटताना तू म्हणालास, "वासू, जायचं तर जा. पण आपलं आडनाव त्या पडद्यावर लावू नकोस." आणि तिने खिडकीतून मान हलवली.

इतकी वर्षं तिने ते पाळलं, बाबा. अवॉर्ड घ्यायला गेली तेव्हासुद्धा नुसतं वासंती. तुला आठवतं तरी का, तू असं बोलला होतास? मी चिडून लिहित नाहीये. म्हणजे, लिहिताना चिडले होते, ते पान फाडलं. आत्या तुझ्यावर चिडलेली नाही. उलट म्हणाली, "स्टँडवर आला तर होता. दुसरं कोण आलं?"

आता ते, जे मी पहिल्या पानापासून टाळतेय. तुला सांगणार नाही असं मी तिला कबूल केलं होतं. तिचं म्हणणं, "आजारी हाय म्हणून येणार असला तर नको. कोहळा फोडायला येणार असला तर ये म्हणावं." स्कार्फ त्यासाठी होता. ट्रीटमेंट दिवाळीनंतर थांबवलीय, उपयोग होत नव्हता.

म्हणून तू आलास की तुला यातलं काही माहीत नाही, असं वाग. मोठा भाऊ आहेस, कोहळा फोडायला आलायस, बस. तिच्या केसांकडे बघू नकोस. आणि आडनावाचं तूच बोल, मी विषय काढणार नाही. एडिटरला सांगितलंय, "वासंती"च्या पुढची जागा रिकामी ठेव.

नागराज अण्णा म्हणतात, कोहळा सावलीत ठेवला तर वर्षभर टिकतो. आत्याचं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उन्हाळा निघेल असं वाटत नाही.

वर लिहिलंय ना, इथे ऊन तापायला लागलंय.

वाट बघते.

तुझी,
अश्लेषा

(आडनाव मुद्दाम लिहिलं नाही. आधी तिला लावू दे, मग मी लावीन.)