वाशीमच्या टॉकीजमधला तुमचा हिरो

बाबा, तुमचा तो पिच्चर काल टीव्हीवर लागला होता. घोड्यावरचा, शेवटी पुलावर मारामारीचा. इतक्या वर्षांनी पुन्हा सगळा बघितला आणि माझं मत जागचं हललं नाही. भंगार आहे. हिरो अख्ख्या पिच्चरात एक दिवस कामाला जात नाही, तरी त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. बंगल्यातली पोरगी पहिल्यांदा भेटते ती थोबाडीत मारायला, दुसऱ्यांदा भेटते ती नाचायला. आणि ती मारामारी! पंपाचं बेअरिंग गेलेलं मी रस्त्यानं जाता जाता कानानं ओळखतो, त्यावरच पंपदुरुस्तीचं दुकान उभं केलं. मला काय फसवता? जाड्याला मारा की बारक्याला, गालावर मारा की पोटात, ठोशाचा आवाज एकच. बारदान झटकल्यासारखा.

तुम्हाला मात्र तो कधी पुरला नाही. मेथी-वांगी घेऊन आपण वाशीमच्या बाजारात जायचो. अडत्या टोपल्यात हात घालायचा, वांगं मोडून बाजूला फेकायचा. "किडका माल आनून राह्यला का बे म्हताऱ्या?" तुम्ही तेव्हा जेमतेम पस्तिशीचे, मान खाली घालून उभे. तिथून सरळ टॉकीज. तिथे हिरो पोरीच्या श्रीमंत बापासमोर छाती काढून बोलायला लागतो आणि अंधारात तुमचे ओठ हलायला लागतात, एक शब्द मागंपुढं नाही. मी एकदा विचारलं, "बाबा, हा काम कवा करते?" तुम्ही पडद्यावरची नजर न काढता माझ्या मांडीला चिमटा घेतला. "चूप बस. बोलून राह्यला ना तो. तोंडावर बोलून राह्यला." घरी आल्यावर चुलीपुढंही तेच डायलॉग. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आता वांग्याले पानी तुमचा हिरोच देईन, नाई का?" तुम्ही हसायचे. मला चीड यायची, अजून येते. तीन तास दुसऱ्याच्या तोंडानं बोलायचं आणि पुढच्या बाजाराला त्याच अडत्यापुढं पुन्हा गप्प. तुमच्याच रागाला तिकीट लावून त्यांनी तो तुम्हालाच विकला, बाबा. तेव्हाच मी ठरवलं, आपलं बोलणं आपणच बोलायचं.

आता ऐका, तुम्हाला हसू येईल. तुमच्या नातीनं स्वतःच नवरा पसंत केला आहे. पोरगा मूळचा इंझोरीचा, इथं मालेगावात भाड्याच्या जागेत मोटारसायकलींचं गॅरेज चालवतो. मागच्या रविवारी एकटाच आला, मागणी घालायला. म्हणजे पोरीचा पैसेवाला बाप कोण, तर मी! रेशमी गाऊन नव्हता एवढंच, अंगात बनियन होतं. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "हे जमनार नाई." तो म्हणाला, "बरं काका." कप खाली ठेवला आणि उठला.

मला संताप आला. कशाचा, तर त्या 'बरं'चा. माझ्या पोरीसाठी याच्याकडे दोन शब्द नाहीत? मी म्हटलं, "काहून बे, येवढ्यावरच चालला?" तो चपला घालता घालता थांबला. आवाज चढवला नाही. मी कान देऊन होतो, थरथरही नव्हती. "काका, घर तुमचं हाये, म्हनून तुमाले पयले इचारलं. आता तिले इचारतो. ती नाई म्हनन तं पुन्हा दिसनार नाई. हो म्हनन तं तुमी हो म्हनेपर्यंत येत राहीन. दर रविवारी." एवढं बोलून त्यानं किक मारली. मागं ना वाजंत्री, ना घोडा. तुमच्या त्या हिरोला असं एक वाक्य तीन तासांत जमलं नाही.

पोरगी आठवडाभर माझ्याशी बोलत नाही. तिची आई रोज म्हणते, "हो म्हनून टाका ना, काय लावलं हे?" तुम्ही गेलात तिथं हा कागद पोचवणारा पोस्टमन अजून जन्मायचा आहे, म्हणून तुमच्यापाशी खरं सांगतो. होकार माझ्या मनात तेव्हाच झाला, त्याची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत. अजून कोणाला सांगितलेला नाही. उद्या रविवार आहे, आणि मला ते पुन्हा एकदा ऐकायचं आहे.